कडीवरचा मासा

प्रिय ईरा आणि नील,

मे महिन्यात तुम्ही इथे आला होतात तेव्हा नीलने मला एक प्रश्न विचारला होता. हॉलचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी त्याच्या खाली एक लोखंडी कडी ठेवते. ती उचलून तो म्हणाला, "आजी, ह्याच्यावर मासा का आहे?" मी म्हटलं, "असेल काहीतरी जुनं. हात धू आणि जेवायला बस." ते उत्तर खोटं होतं. तो मासा कोणी काढला आणि का काढला, हे मला नीट माहीत आहे.

मी हे कदाचित तसंच सोडून दिलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्या दारासमोरच्या गटाराचं काम निघालं आणि तिथे मी जे पाहिलं, त्यानंतर मला गप्प राहता येईना. ते शेवटी सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण या गोष्टीत माझ्या इंग्रजीने आधीच पुरेसं नुकसान केलं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

लग्नाआधी मी इथल्याच, डिचोलीतल्या एका फाउंड्रीत तीन वर्षं नोकरी केली. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. तेव्हा आजूबाजूच्या खाणी जोरात चालत. खनिज धुणारी, चाळणारी यंत्रं दिवसभर फिरत आणि त्यांचे मोडलेले भाग आमच्याकडे ओतून घेतले जात. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं. टाइपिंग येत होतं, अक्षर वळणदार होतं, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे आला आणि नंतर यंत्रभागांची ड्रॉइंग स्वच्छ करून काढायचं कामही. पूर्ण कारखान्यात मी एकटी बाई. माझ्या टेबलावर पेन्सिली लांबीप्रमाणे लावलेल्या असत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

लाकडाचे नमुने करणारा एक माणूस तिथे होता. आधी त्याने लाकडात वस्तू कोरायची, मग ती वाळूत दाबून साचा करायचा, मग त्यात लोखंड ओतायचं. सगळे त्याला मेस्त म्हणत. आपल्याकडे कुठल्याही कसबी सुताराला मेस्तच म्हणतात, पण तिथे नुसतं मेस्त म्हटलं की तोच. मये गावाहून सायकलने यायचा. उंच, काटकुळा, कानावर चपटी पेन्सिल. सायकल कधी कुलपात ठेवायचा नाही, पण रोज संध्याकाळी निघण्याआधी तिच्या साखळीची एकेक कडी बोटाने चाचपून मगच टांग टाकायचा.

त्याला प्रत्येक गोष्टीवर टिचकी मारून आवाज ऐकायची सवय होती. ओतलेल्या लोखंडाला चीर असली की ते बद्द वाजतं, म्हणून फाउंड्रीत हातोडीने ठोकून बघतातच. पण मेस्त नारळ, पाण्याचा माठ, चहाचे कप, ऑफिसचं दार, काहीही ठोकायचा. एकदा आमचा मालक नवीन गाडी घेऊन आला. मालकाला सगळे पात्रांव म्हणत. सगळ्यांनी गाडीचं कौतुक केलं. मेस्ताने दारावर बोटाचं पेर आपटलं, कान लावला आणि म्हणाला, "पात्रांव, हें दार एकदा बदललेलें आसा." पात्रांव दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी परत करायला गेला.

त्याची ड्रॉइंग वर्तमानपत्राच्या कडेला, बाजारभावांच्या शेजारी काढलेली असत. मी ती वाचून स्वच्छ कागदावर उतरवायची. त्यात मापं असत आणि मापांबरोबर इतरही काही: "हांगा हात लागता", "हांगा पाणी साचतलें", "हो कोनसो वायट", म्हणजे इथे हात लागतो, इथे पाणी साचेल, हा कोपरा वाईट. मी फक्त मापं घ्यायची.

त्याचं खरं वेड होतं साखळीच्या कडीचं.

खनिज धुण्याच्या यंत्राला मोटरची ओढ पोचवायला तेव्हा जाडजूड ओतीव साखळी लागत असे. एकेक कडी विटेएवढी. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला दांडा, एकीचा आकडा दुसरीच्या दांड्यात. साखळी तुटली की खाणवाले म्हणत, "आणखी जाड करा." आम्ही जाड करून देत असू. ती पुन्हा तुटायची. मेस्ताला हे सहन होत नसे. "साखळी आधी आपणाक ओढता," तो म्हणायचा, "उरलेल्या बळान यंत्राक ओढता. तिका जड करून बळ कशें वाडतलें? आनी ती शिडयेवयल्यान वर कोण व्हरता? तू व्हरतलीस?" म्हणजे, ती शिडीवरून वर तू नेशील का.

मला पटत नव्हतं. मी तसं बोलले. दुसऱ्या दिवशी तो पदेराकडून डझनभर काकणं घेऊन आला. पदेर म्हणजे पाववाला, आणि काकणं म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. चहात बुडवून तुम्ही खाल्ली आहेत. त्याने माझ्या नीट लावलेल्या टेबलावर काकणं ओतली. एक जाड काकण निवडलं आणि माझ्या हातात दिलं.

"ओढ."

मी दोन्ही हातांनी ओढलं. ते पटकन मोडलं.

"आंत पळय."

आत कच्चा, ओलसर पाव होता आणि मधे पोकळी.

"भायल्यान भाजलें, आंत कच्चें. लोखंडाचेंय तशेंच. जाड जाग्यार तें मागीर थंड जाता आनी आंत पोकळी सोडता. आतां हें ओढ."

दुसरं काकण बारीक होतं, सगळीकडे सारखं भाजलेलं. ते मोडायला मला जोर लावावा लागला.

"जाड म्हणजे घट्ट न्हय गो बाय," असं म्हणून त्याने मोडलेलं काकण माझ्याच चहात बुडवून खाल्लं. टेबलावर चुरा झाला होता. मला त्याचाच राग आला होता, हे मला आजही आठवतं.

दोन वर्षं तो ती कडी कोरत होता. धुण्याच्या साबणाच्या वड्यांतून आधी आकार काढायचा. त्याच्या बायकोची तक्रार होती की घरात धुवायला साबण उरत नाही, नुसत्या कड्या उरतात. आतले काटकोन त्याने गोल केले, कारण चीर नेहमी तिथेच सुरू होते. जाड आणि बारीक भागांमधला फरक काढला. आणि शेवटी त्याने सगळ्यात हुशारीची गोष्ट केली. कडीवर ओढ एकाच बाजूने येते, चाकाचा दात तिला एकाच अंगाला दाबतो. म्हणून त्या अंगाला त्याने लोखंड ठेवलं आणि उलट्या अंगाचं कोरून टाकलं. "जंय काम ना, थंय लोखंड कित्याक?" जुन्या तीन कड्यांना जेवढं लोखंड लागे, तेवढ्यात त्याच्या चार होत.

नमुन्याची पहिली कडी ओतली, तेव्हा अंगणातल्या क्रेनला एक जुनी आणि एक नवी अशा दोन कड्या एकत्र अडकवून खाली वजन चढवत नेलं. सगळा कारखाना बघायला जमला होता. तुटली ती जुनी. तुटल्या जागी वाटाण्याएवढी पोकळी होती. मेस्ताने कोणाकडे बघितलं नाही. आपली कडी उतरवून घेतली, टिचकी मारली आणि खिशात घालून जेवायला गेला. ती खिशात मावत नव्हती, सदरा एका बाजूला ओघळला होता. पात्रांवने त्याच दिवशी एका खाणीला विचारलं, आणि खनिज धुण्याच्या एका यंत्रावर पूर्ण साखळी लावून बघायला ती खाण तयार झाली. मेस्ताचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. ही एक साखळी टिकली की पुढच्या सगळ्या त्याच्या कडीच्या होणार होत्या. नाही टिकली, तर पात्रांव पुन्हा विचारणार नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता माशाचं सांगते.

जुनी कडी कशीही बसवली तरी चालत असे, दोन्ही अंगांनी सारखीच. मेस्ताची कडी उलटी बसवली तर चाकाचा दात नेमका तिच्या कोरलेल्या, बारीक अंगावर आदळणार. म्हणून त्याने कडीच्या पाठीवर बोटाएवढा एक मासा ठेवला होता. साखळी ज्या दिशेने धावायची, त्या दिशेला माशाचं तोंड. वर्तमानपत्राच्या ड्रॉइंगवर त्याने तो मोठ्या प्रेमाने काढला होता, डोळा आणि खवल्यांसकट.

मी विचारलं, "हा कशाला मेस्ता? बाण काढू."

"बाण खंय दाखयता तें शिकचें पडटा. मासो शेंपडेन पेंवना, हें भुरग्याकय कळटा." म्हणजे, मासा शेपटीच्या दिशेने पोहत नाही, हे लहान मुलालाही कळतं.

आणि जाताना दारातून वळून म्हणाला, "मासो घालशी मगो?"

मी म्हटलं, "हो."

मी घातला नाही. खाणीचा इंजिनिअर बाहेरून शिकून आलेला होता. त्याच्यासमोर डोळे आणि खवले असलेला मासा ठेवायचा, या कल्पनेने मला लाज वाटली. कंपनीचं नाव, तारीख, मापं असा सुंदर कागद मी तयार केला, आणि माशाच्या जागी, खाली, बारीक, सुबक अक्षरांत इंग्रजीतून एक ओळ लिहिली: कडीचं कोरलेलं अंग धावण्याच्या दिशेला ठेवावं. व्याकरण अचूक होतं. ड्रॉइंग मंजूर होऊन, शिक्का बसून आलं. इंजिनिअरने कागदाच्या नीटनेटकेपणाचं कौतुक केलं, ते पात्रांवने मला मुद्दाम बोलावून सांगितलं.

त्याच आठवड्यात मेस्त तापाने आडवा झाला. तीन आठवडे आला नाही. फोरमनने मंजूर ड्रॉइंग घेऊन लाकडी नमुना तपासला. त्यावर ठोकलेला पितळेचा मासा ड्रॉइंगमध्ये नव्हता, म्हणून त्याने तो पटाशीने उपटून काढला. त्याचं चुकलं नाही. ड्रॉइंगमध्ये नाही ते कडीवर नको, हाच नियम होता. साखळी ओतली गेली, खाणीवर गेली, यंत्रावर चढली.

आठव्या दिवशी तुटली. तुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं आणि वेंगुर्ल्याकडचा एक फिटर शेजारी उभा होता, त्याच्या उजव्या मनगटावर बसलं.

पात्रांवने मला टिपणं घ्यायला खाणीवर नेलं. तो फिटर हात गळ्यात बांधून बाकावर बसला होता. पात्रांवने विचारलं, "साखळी उलटी कशी बसवली?"

"उलटी नि सुलटी आमका काय ठावक साहेबानू?" तो म्हणाला. "आजपर्यंत कशीव बसयली तरी चलत होती. खूण खंय होती?"

"कागद दिला होता ना? त्यावर लिहिलं होतं."

"होय तर. कागद लय बरो होतो. खराब होऊ नये म्हणून गणपतीच्या फोटोमागे ठेवलंय. हाडू?"

शेजारचे दोघे हसले. तोही हसला, मग मनगट दुखलं म्हणून थांबला. फोटोमागून कागद काढून आणला. एक डाग नव्हता त्यावर. माझी ओळ खाली होती, इंग्रजीत, त्या खोलीतल्या सात फिटरांपैकी एकालाही वाचता न येणारी. त्याने तो कागद डाव्या हाताने माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाये, ह्या काय लिवलेला असा?"

मी वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "इतक्याच?"

दुसऱ्या दिवशी मेस्त कामावर आला. तापाने अर्धा झाला होता. पात्रांवच्या खोलीत आम्ही चौघं होतो. पात्रांव, फोरमन, मेस्त आणि मी वही घेऊन.

"पात्रांव, कडयेर मासो आसलो," मेस्त म्हणाला.

"ड्रॉइंगात नव्हता," फोरमन म्हणाला. "मी नमुन्यावरचा काढला. मला काय स्वप्न पडणार होतं, खेळणं आहे की खूण आहे ते?"

पात्रांव माझ्याकडे वळला. "मेस्ताने तुला जो कागद दिला, त्यात होता का मासा?"

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. दहा पावलांवर. मी उठून आणला असता, तर माझं नाव निघालं असतं, कदाचित नोकरीही गेली असती. पण मेस्ताची कडी वाचली असती, कारण दोष कडीचा नव्हे, गाळलेल्या खुणेचा, हे सिद्ध झालं असतं. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. मी गोंधळले होते, असं तुम्ही समजू नका.

मी म्हटलं, "आठवत नाही, सर."

मेस्त माझ्याकडे बघत होता. बाहेर जाताना माझ्या खुर्चीजवळ थांबला, टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेराने एकदाच टिचकी मारली, मान थोडी तिरपी केली आणि गेला.

पात्रांवने निकाल दिला: हलकं लोखंड ते शेवटी हलकंच, उलटं बसलं की तुटतं. जाड कड्या पुन्हा सुरू झाल्या. मेस्ताचे लाकडी नमुने भट्टी पेटवायला गेले. त्याला कामावरून काढलं नाही, पण यापुढे त्याने गटारांची झाकणं करावीत असं ठरलं. फोरमन म्हणाला, "बरं झालं मेस्ता, आता काही हलायचं नाही, तुटायचं नाही." त्या संध्याकाळी घरी जाऊन मी वर्तमानपत्राचा तो कागद न्हाणीतल्या चुलीत घातला. माझी आई पाणी तापवत होती. तिने विचारलं, "काय गो तें?" मी म्हटलं, "रद्दी."

फिटरचं मनगट पुढे कधी पूर्ण वळलं नाही. मेस्त दर महिन्याला एकदा सायकलने त्याच्याकडे जात असे. मी एकदाही गेले नाही.

त्यानंतरचं एक वर्ष मी मेस्ताच्या शेजारच्या खोलीत काम केलं. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागे, हेच कठीण होतं. काकणं आणली की एक माझ्या टेबलावर ठेवायचा. झाकणाचं ड्रॉइंग द्यायला यायचा तेव्हा म्हणायचा, "बाय, फकत वयली बाजू काड. खाला कितें ना." मीही वरची बाजू तेवढी काढायची. त्याने काय म्हटलं, याचा मी विचार केला नाही.

लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. जड होतं. सोडून बघितलं तर क्रेनला लावलेली ती पहिली कडी, पाठीवर मासा.

"दाराक लाय," तो म्हणाला. "वाऱ्यान आपटचें ना."

तो टोमणा होता की आहेर, हे मला ठरवता आलेलं नाही. मी थँक यू म्हटलं. एवढंच म्हटलं, तेही इंग्रजीत. खरं सांगायला माझ्याकडे त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. मये इथून काही लांब नाही. तळ्याकाठी आम्ही तुम्हाला घेऊन कितीदा गेलो. त्याच्या घरावरूनच रस्ता जातो. प्रत्येक वेळी मी गाडीत दुसऱ्या बाजूला बघत बसले. तो वारल्याचं मला बाजारात कळलं, तेव्हा माझ्या हातात भाजीची पिशवी होती. मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

आता गेल्या महिन्याचं. नगरपालिकेची माणसं आमच्या दारासमोरचं गटार उपसायला आली. जुनं लोखंडी झाकण पहारीने उचललं आणि रस्त्यावर पालथं टाकलं. मी गॅलरीत होते. झाकणाच्या खालच्या बाजूला, मधोमध, काहीतरी उठावदार दिसलं. मी खाली गेले. गंज होता, गाळ होता, पण डोळा आणि खवले दिसत होते.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "हें कितें रे?"

"मासो न्हय काय बाये," तो म्हणाला. "पोरन्या झांकणांक सगल्यांक आसा. ताचें तोंड जंय, थंय उदक व्हांवता. गटार खंयच्या वटेन वता तें झांकण उखलल्यार लेगीत कळटा."

"पाणी माशाच्या तोंडाकडे जातं, हे तुला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघून हसला. "सांगूंक कितें जाय? मासो फाटीं पेंवता?"

काम झाल्यावर त्याने वाकून मासा बघितला, झाकण फिरवून बरोबर दिशेला लावलं आणि बसवलं. कोणाला काही विचारलं नाही.

नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ती साखळी आता कुठेही नाही. खाण बंद आहे, फाउंड्रीच्या जागी गोडाऊन आहे आणि मेस्ताने काढलेला कागद मी जाळला. माझं ते स्वच्छ ड्रॉइंगही कुठे उरलं नसेल. हॉलच्या दाराला कडी आहे. तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा तिच्यावर टिचकी मारून बघा, अजून घंटेसारखी वाजते. आणि डिचोलीच्या जुन्या रस्त्यांवर, गटारांच्या झाकणांखाली, मासे आहेत. सगळ्यांची तोंडं पाणी जातं त्या दिशेला आहेत.

तुमची,
आजी